सोबतीचा गुन्हा

दुकानात मैत्रीण लिपस्टिकची कांडी दप्तरात सरकवीत असता, नोकराची नजर अडेल अशा बेताने उभी राहणारी १६ वर्षांची मुलगी आपण स्वहस्ते काही उचलले नाही एवढ्यावर निर्धास्त असते. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) अन्वये समान उद्देशाने घडलेले कृत्य प्रत्येकाने एकट्यानेच केले असे मानले जाते. तथापि २०१५ चा बाल न्याय अधिनियम अशा अल्पवयीनास कोठडीत ठेवण्यास मज्जाव करतो, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करण्यास फर्मावतो, आणि साधी चोरी किरकोळ अपराधांत जमा धरून समज, समुपदेशन वा समाजसेवा यांवर प्रकरण निकालात काढण्याची मुभा देतो. आम्हांस अधिक धास्ती वाटते ती दुकानाच्या मागल्या खोलीची, जेथे पालकांस वर्दी न देता कबुलीजबाब लिहवून घेता येतो आणि मालाच्या कित्येक पट 'दंड' मागता येतो. हा अखत्यार दुकानदारास कोणी दिला? दोघीही अल्पवयीन असतील, तर अशा किरकोळ प्रकरणी पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यातील नोंदीवर भागते; मैत्रिणीस १८ वर्षे पूर्ण झाली असतील, तर मात्र तेवढ्यावर भागत नाही. प्रथम खबर दाखल होऊ शकते.