क्षेत्रभेट बाकावर बसून होत नाही

१. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’. त्यात नळदुर्गची मुलं थेट अलिबागला निघतात. आपल्या रत्नागिरीत मात्र हा धडा बहुधा वर्गातच उरकतो. क्षेत्रभेटीला जाताना कोणतं साहित्य घ्याल, याचं उत्तर पाठ होतं, गुणही पडतात. होकायंत्र प्रयोगशाळेच्या कपाटातच राहतं.

२. बाहेर नेलं तर अभ्यास बुडेल, निकाल घसरेल, ही भीती निदान आपण तरी बाळगू नये. कोकण मंडळ स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं आहे. २०२४ साली निकाल ९९.०१ टक्के होता. दोन दिवस वर्गाबाहेर घालवणं आपल्याला परवडणार नाही, तर कोणाला?

३. शिकण्यासारखं तर दाराशीच आहे. सड्यावरची कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि जाणत्यांना विचारून उजेडात आणली. २०२२ साली त्यांतली उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशी ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. तो टेपने मोजून आलेख कागदावर प्रमाणात उतरवायला दिला, की गुणोत्तर शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागणार नाही. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे तर शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. जांभ्यात लोह असतं, हे पुस्तकात आहे. मग शेजारच्या कातळावरही सुई अशीच वळते का? पाच-पाच पावलांवर नोंद घेतली, तर मुलांना चुंबकत्वाबरोबर शंका कशी घ्यायची तेही कळेल. (रेषांवर पाय द्यायचा नाही, चपला बाहेर काढायच्या, हाही धडाच.) आणि लगतच्या चिरेखाणीतून कोणाचं घर चालतं, शिल्प राखायचं तर त्याने काय करायचं, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

४. वेळासची कासवं, मिरकरवाड्याची जेटी, उन्हाळ्यात आटणारी गावची विहीर. यादी लांबवत नाही. विहिरीची पातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजायला तर गाडीही लागत नाही.

५. शिक्षकांची अडचण खरी आहे. परवानगी, गाडी, विमा सगळं त्यांच्याच गळ्यात. वर गुणांच्या हिशेबात या कामाला जागा नाही. हौसेवर चालणारी सहल शिक्षकाची बदली झाली की बंद पडते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून हाताने करून शिकण्याचा रस्ता घातला आणि तो माध्यमिक शाळांत रीतसर विषय म्हणून पोचला, म्हणूनच टिकला.

६. म्हणून मागणी दोनच गोष्टींची. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला २० गुण आहेतच. त्यांतले पाच मंडळाने क्षेत्रकामाच्या वहीला द्यावेत. आणि जिल्हा परिषदेने दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, प्रत्येक हायस्कूलला वर्षातून एकदा एसटीची गाडी द्यावी. पालकांनीही पुढच्या सभेत टक्केवारीआधी विचारावं : नववीची मुलं यंदा सड्यावर कधी जाणार?