इंजिनाचा मालक कोण ?

आमच्या महाबळेश्वरीं आगगाडी येत नाहीं. एके काळीं येथें येणारा उतारू वाठार स्टेशनावर उतरे आणि वांईवरून पसरणीचा घाट चढून वर येई. तथापि आगगाडीचें वेड आमच्या मुलांना कमी नाहीं. यंदा वर्गांत एका जुन्या डीझेल इंजिनाचें चित्र दाखवितांच एका चिमुकल्यानें विचारलें, "गुरुजी, हें इंजिन कोणाचें ?" प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर देऊं लागलों तेव्हां तो तितका सोपा नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें.

वाठारवरून जाणारा पुणें-मिरज हाच मार्ग घ्या. तो प्रथम सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा होता. १९०८ सालीं मद्रास रेल्वेशीं जोड होऊन नवी कंपनी झाली. १९४४ सालीं ती सरकारनें ताब्यांत घेतली. १९५१ सालीं हा मार्ग दक्षिण रेल्वेंत गेला, १९६६ सालीं दक्षिण-मध्य रेल्वेंत, आणि आज तो मध्य रेल्वेकडे आहे. पाट्या पांच वेळां रंगविल्या गेल्या. वाठारचें स्टेशन मात्र आहे तेथेंच आहे.

इंजिनांची हकीकत याहून मौजेची आहे. आपल्या देशांत ज्या डीझेल इंजिनानें सर्वांत अधिक गाड्या ओढल्या, तें डब्ल्यूडीएम-२ हें अमेरिकेंतील अल्को कंपनीच्या आराखड्याचें. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ति, वजन सुमारें ११३ टन. प्रथम तीं तयारच आणविलीं. नंतर बनारस येथें कारखाना उभारला गेला आणि १९६४ च्या जानेवारींत तेथील पहिलें इंजिन बाहेर पडलें. पुढें १९६९ सालीं अल्कोनें इंजिनें बांधणें बंद केलें. जन्मदाती कंपनी मावळली, पण बनारसेंत त्याच वंशाचीं इंजिनें त्यानंतरही अनेक दशकें निपजत राहिलीं. त्या वंशांतील वापरलेलीं १० इंजिनें २०२० सालीं व आणखी २० इंजिनें २०२३ सालीं आपल्या सरकारनें बांगला देशास दिलीं. अमेरिकेचा आराखडा, काशीची घडण आणि पद्मेकांठची चाकरी ! आतां सांगा, इंजिन कोणाचें ?

आमचें मत असें कीं, कागदावर ज्याचें नांव तो मालक खरा. परंतु इंजिन ज्याच्या हातीं चालतें तो त्याचा कारभारी होय, आणि वस्तूचें भलेंबुरें मालकापेक्षां कारभाऱ्यावर अधिक अवलंबून असतें. तेलाची पातळी रोज पाहणारा फिटर आणि इंजिनाचा आवाज किंचित् बदलतांच कान टवकारणारा ड्रायव्हर, यांचीं नांवें कोणत्याही पाटीवर नसतात. पण त्यांनीं हात आंखडले तर उत्तम मालकाचें उत्तम इंजिनही रुळावर लोखंडाचा गोळा होऊन बसेल.

याची साक्ष आमच्याच मुलुखानें दिली आहे. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी जाणारी अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वे कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें १८९७ सालीं बार्शीपासून आरंभिली. ती १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस पोंचली. १९५४ च्या पहिल्या जानेवारीस सरकारनें ती विकत घेतली. पुढें वाफेचीं इंजिनें गेलीं, डीझेलचीं आलीं. या शतकाच्या आरंभीं तो चिमुकला रूळही जाऊन रुंद रूळ आला. त्यानंतर २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहर पाण्यावांचून तळमळूं लागलें, तेव्हां मिरजेहून पाण्यानें भरलेल्या दहा वाघिणी, एकूण पांच लक्ष लिटर पाणी, घेऊन डीझेल इंजिन सुमारें ३४२ किलोमीटर गेलें. तें पाणी कृष्णेचें होतें, आणि कृष्णेचा उगम येथें, आमच्या क्षेत्र महाबळेश्वरीं ! त्या दिवशीं लातुरांत घागर घेऊन उभ्या असलेल्या माउलीनें इंजिनाच्या मालकाचें नांव विचारलें नसेल. तें वेळेवर आलें, एवढेंच तिला पुरेसें होतें.

आतां काळ पुन्हां पालटला आहे. २०२३ च्या फेब्रुवारींत औसा रोड-लातूर रोड या टप्प्यावर विजेच्या तारा पडल्या आणि मध्य रेल्वेच्या सर्व रुंद मार्गांचें विद्युतीकरण पुरें झालें. याचें आम्हांस दुःख नाहीं. डीझेलचा धूर कोणास हवा आहे ? आणि तेलासाठीं परदेशाकडे किती काळ पहावयाचें ? परंतु निरुपयोगी झालेलें प्रत्येक इंजिन भंगारांत वितळविलें जावें, हें आम्हांस मान्य नाहीं. मिरजेस एक तरी जुनें डीझेल इंजिन राखावें; आणि तेंही दारापुढें रंग फांसून पावसांत गंजत ठेवलेलें नव्हे, तर चालूं स्थितींत.

यावर एखादे पालक म्हणतील कीं, हा खर्च शाळेच्या खोल्यांवर केला तर काय वाईट ? आक्षेप वाजवी आहे. परंतु इंजिन उघडून दाखविणारा निवृत्त फिटर आणि त्याच्याभोंवतीं उभीं असलेलीं वीस मुलें, ही देखील एक शाळाच आहे. आणि तो फिटर फार दिवस आपल्यांत राहणार नाहीं. त्याच्या हातांतील विद्या पुस्तकांत उतरलेली नाहीं. ती गेली म्हणजे इंजिन असूनही नसल्यासारखें होईल.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही ज्या बाकावर बसतां तो तुमच्या आधीं कोणा दुसऱ्याचा होता व पुढेंही दुसऱ्या कोणाचा होईल. ग्रंथालयांतील पुस्तकाचें तसेंच, आणि ज्या कड्यावर आपण राहतों त्या कड्याच्या रानाचेंही तसेंच. आपण मालक थोडा वेळ असतों, कारभारी मात्र प्रत्येक क्षणीं. म्हणून त्या चिमुकल्यास आमचें उत्तर हें : बाळ, आज तें ज्याच्या हातीं सोंपविलें आहे, त्याचें तें इंजिन, आणि उद्यां तुझ्या हातीं जें येईल, तें चालूं स्थितींत पुढच्याच्या हवालीं कर.