वाट दाखवणाऱ्याने आधी वाट शिकावी



दहावी-बारावीचा निकाल लागला की विहारात गुणगौरव होतो. वह्या, पुष्पगुच्छ दिले जातात आणि माझ्यासारखा एखादा कार्यकर्ता करिअर मार्गदर्शनाला उभा राहतो. काही वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमात एका कामगार बापाने विचारले, "भाऊ, पोराला कुठं घालू?" गुणपत्रिका पाहून मी बेधडक सांगितले, "सायन्सला घाला." मुलाला एक शब्द विचारला नाही. त्याचा जीव मोटार दुरुस्तीत होता. अकरावीत तो नापास झाला, मग आयटीआयला गेला. बापाने ओव्हरटाइम करून भरलेली फी आणि मुलाचे वर्ष वाया गेले. चूक माझी होती. बी.कॉम. होऊन कारकुनी केली म्हणून कोणी मार्गदर्शक होत नाही.

या कामाला वकील-डॉक्टरांसारखी सनद लागत नाही, म्हणून कोणीही पाटी लावतो. पण त्याचेही शिक्षण आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य यांतील पदवी हा चांगला पाया. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात घरचा अभ्यास, प्रत्यक्ष वर्ग आणि कामाचा सराव असे तीन टप्पे आहेत. कल चाचणी घ्यायला जो शिकलेला नाही, त्याने ती घेऊ नये.

पदविका नसलेल्या कार्यकर्त्यानेही तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, आधी मुलाचे ऐकावे, मग आईवडिलांचे. दुसरी, माहिती पक्की ठेवावी. आयटीआय, तंत्रनिकेतन, नर्सिंग, शिष्यवृत्तीच्या तारखा माहीत हव्यात. इंजिनिअरिंग, मेडिकलच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज बारावीतच करायला सांगावे. तिसरी, आपली मर्यादा ओळखावी. मूल खचलेले दिसले तर तज्ज्ञाकडे न्यावे.

केळुसकर गुरुजी आठवा. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव त्यांनी पाहिला, त्याची ओढ ओळखली, पुस्तके दिली. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले. आधी मूल ओळखले, मग दार ठोठावले.

यंदा हारतुऱ्यांचा खर्च कमी करा. प्रत्येक विहाराने वस्तीतील एका पदवीधर मुलीला किंवा मुलाला हे शिक्षण घ्यायला पाठवावे आणि फीला हातभार लावावा. पुढच्या निकालाला विहारात भाषण करणारा नव्हे, मुलाशेजारी बसून ऐकणारा माणूस हवा.

जयभीम!