कोपरा कोण सांभाळणार?

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. हारतुरे होतात, ज्येष्ठांचे सत्कार होतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सामसूम. मराठवाड्यात या दिवसांत मैदानावर चिखल असतो आणि पोरे शेतात. वसमत तालुक्यात हळदीची लागवड उरकत आलेली असते. खुल्या स्पर्धा अजून लांब असतात. प्रशिक्षकाला वर्षभरात मिळणारा निवांत वेळ हाच. हट्टा, कुरुंदा, शिरडशहापूर या पट्ट्यातल्या आणि एकूणच ग्रामीण भागातल्या प्रशिक्षकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की पुढच्या हंगामाचा संघ आत्ताच, या पावसात, वहीवर मांडा.

आपल्याकडे संघ कसा बनतो ते आपण सारे जाणतो. स्पर्धेचे पत्रक व्हॉट्सअॅपवर येते, बक्षिसाची रक्कम बघितली जाते आणि फोनाफोनी सुरू होते. प्रत्येकाला हवा असतो चढाईपटू. परभणीचा एक, नांदेडचा एक, जमल्यास जालन्याकडचा एक. जाण्यायेण्याचा खर्च आणि वर मानधन ठरते. गावातली चार पोरे पकडीला उभी राहतात, बाकीची जर्सी घालून बाकावर बसतात. बाहेरून आलेला गडी दोन सामने गाजवतो. तिसऱ्या सामन्यात समोरचा संघ त्याला ओळखून बांधून टाकतो आणि आपण उपांत्य फेरीतून परत येतो. पुढच्या वर्षी तो गडी दुसऱ्याच गावाकडून खेळतो. गावाकडे काय उरते? आमच्या मते काहीच उरत नाही, आणि हे असेच चालणार असे धरून बसणे सोडले पाहिजे.

संघ मोकळ्या महिन्यांत कसा उभा राहतो याचे आपल्या राज्यातले उदाहरण पुणेरी पलटणचे आहे. प्रो कबड्डीत २०१४ पासून खेळूनही या संघाला विजेतेपदासाठी दहाव्या हंगामापर्यंत थांबावे लागले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून त्यांनी करंडक घेतला. त्या साखळीत ते २२ पैकी फक्त दोन सामने हरले होते. या यशाची पायाभरणी आधीची काही वर्षे चालली होती. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही पोरे नावारूपाला येण्याआधी संघाने धरली, त्यांना सामने दिले आणि लिलावाआधी सोडली नाहीत.

हिशेब बघा. त्या वर्षी प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून ५ कोटींची मर्यादा होती आणि १८ ते २५ जणांचा संघ उभा करायचा होता. 'अ' गटाची मूळ किंमत ३० लाख, 'ब'ची २०, 'क'ची १३, 'ड'ची ९. घरची पोरे माफक दरात हाताशी असल्यामुळेच पुण्याला एका माणसावर २ कोटी ३५ लाख लावता आले. तो माणूस म्हणजे इराणचा मोहम्मदरेझा शादलू. थैलीतला जवळपास अर्धा पैसा पुण्याने डाव्या कोपऱ्यावरच्या एका रक्षकावर ओतला. आदल्या, म्हणजे नवव्या हंगामात त्याच डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली उभा होता. त्याच्यासाठी १ कोटी ३८ लाख मोजले होते आणि संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ असा हरला होता. हंगाम संपल्यावर पुण्याने फझलला मोकळे केले आणि त्याच जागेवर आठेक वर्षांनी लहान, त्याच देशाचा, त्याच धाटणीचा खेळाडू आणला. कोणती जागा रिकामी होते आहे आणि तिथे नेमका कोण बसेल, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढचे वर्षही तितकेच शिकवणारे आहे. शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि गतविजेता पुणे बाद फेरीतही पोचला नाही. करंडक हरियाणाने नेला. पण म्हणून पुण्याने घरच्या पोरांचा गाभा मोडला नाही. २०२५ मध्ये अस्लमच कर्णधार होता आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. दिल्लीकडून २८-३१ असा हरला, तो भाग वेगळा.

आता कोपऱ्याबद्दल, कारण आमचा सगळा जीव त्यात आहे. चढाईपटू बोनससाठी जातो तेव्हा त्याचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असतो आणि मागचा हवेत उचललेला असावा लागतो. त्या क्षणी त्याच्या अंगाचे सगळे वजन एका घोट्यावर असते. कोपऱ्यावरचा पोरगा गुडघ्यात वाकून, कंबर खाली ठेवून, पायाकडे नव्हे तर चढाईपटूच्या कमरेकडे बघत थांबलेला असेल, तर त्याला तो घोटा मिळतो. मग शेजारच्या मध्यरक्षकाने खांद्याने रेटा द्यायचा, बस्स. हे सारे डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होते. कोपरा उतावळा झाला तर एक गुण जातो आणि एक पोरगा बाहेर बसतो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना अशी पकड साधली तर तिला अव्वल पकड म्हणून दोन गुण मिळतात आणि लोण टळतो. सामने इथे फिरतात. मराठवाड्यातल्या मैदानांवर धाडसी चढाया करणारी पोरे भरपूर दिसतात, पण खालून पाय धरणारा कोपरा शोधावा लागतो. ही कला ताकदीपेक्षा सबुरीने येते. त्यासाठी सोबत सराव करणारी तीच ती जोडी वर्ष-दोन वर्षे लागते. ती ऐनवेळी फोन करून मिळत नाही.

पोरगा निवडताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, हंगाम संपल्यावर नवे खेळाडू निवडण्याची पद्धत १९३६ पासून चालू आहे. मागच्या वर्षी जो संघ तळाला, त्याची निवड सर्वांत आधी. आपल्या अल्टिमेट खो-खो लीगनेही २०२२ मध्ये लिलावाऐवजी अशीच निवडपद्धत घेतली. त्या १९३६च्या निवडीत पहिले नाव पुकारले गेले शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे, आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पैशाचे जमले नाही, त्याने नोकरी धरली. उलट, २००० साली टॉम ब्रॅडीचे नाव सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर आले आणि त्याने पुढे सात विजेतेपदे मिळवली. ब्रॅडीची गोष्ट सगळे सांगतात. प्रशिक्षकाला बरवँगरची जास्त उपयोगाची आहे. पोरगा आवडला एवढ्याने भागत नाही. तो पुढच्या वर्षी आपल्यासोबत असणार आहे का, हे आधी विचारावे लागते.

हट्ट्यासारख्या गावात हा प्रश्न फार खरा आहे. बारावी झालेला परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो, पहाटे धावतो आणि घोटा मुरगळेल या भीतीने मैदानावर येणे टाळतो. त्याची भीती अगदी रास्त आहे. कुणी चाकणला कंपनीत लागतो, कुणाच्या घरचे ऊसतोडीला जातात. जानेवारी ते मार्च हळदीची काढणी आणि शिजवणी, तेव्हा संध्याकाळचा सराव अर्ध्यावर येतो. हे दरवर्षी होते, तरी दरवर्षी आपण ते अचानक घडल्यासारखे वागतो.

म्हणून वहीचे पहिले पान असे आखा: सात जागा लिहा आणि प्रत्येक जागेपुढे तीन नावे. आज खेळणारा, त्याच्या मागचा, आणि किशोर गटातला, जो दोन वर्षांनी तिथे उभा राहील. नावापुढे वय, वजन, शिक्षण आणि तो गावात किती दिवस राहील याचा अंदाज. तिसऱ्या रकान्यात बहुतेकांना डाव्या-उजव्या कोपऱ्यापुढे नाव सापडणार नाही. तिथेच तुमचे पावसाळ्यातले काम आहे. शाळेत जा, क्रीडाशिक्षकांना भेटा, कुस्तीच्या तालमीत डोकावा. बुटकी, घट्ट बांध्याची, खाली बसून न थकणारी पोरे शोधा. चढाईची हौस असलेल्या एखाद्यालाही विश्वासात घेऊन कोपऱ्यावर उभे करा आणि त्याला ते का, हे नीट समजावून सांगा. मुलींच्या संघासाठी हीच वही वेगळी करा. तिथे लग्न आणि कॉलेजचे अंतर हे दोन रकाने वाढतील. त्यासाठी पालकांकडे स्वतः जावे लागेल.

दुसरे पान सामन्यांचे. मागच्या हंगामातले जे व्हिडिओ मोबाइलवर पडून आहेत ते काढा. प्रत्येक चढाईपुढे कुठल्या बाजूने आली, काय झाले, पकड कुणी सुरू केली आणि साथ कुणी दिली, एवढे लिहा. आपला संघ कुठे गळतो ते पाच सामन्यांत दिसते. बहुधा ते तुम्हाला वाटत होते त्याहून वेगळे असते.

बाहेरचा खेळाडू आणूच नये असे आमचे म्हणणे नाही. पुण्यानेही इराणहून आणला. पण सहा जागा भरल्यावर सातवीसाठी आणला, आणि शेजारच्या पोरांनी त्याच्याकडून शिकावे असा. मानधन ठरवतानाच त्याला सांगा, की स्पर्धेआधी दोन दिवस येऊन आमच्या किशोर गटाला पकड शिकवायची. चांगला खेळाडू नाही म्हणत नाही.

हळद करणारा शेतकरी कितीही नड असली तरी जोमदार जेठे गड्डे बाजारात नेत नाही, बेण्याला ठेवतो. आपले किशोर आणि कुमार गटाचे खेळाडू ते बेणे आहे. एका करंडकासाठी त्यांना बाकावर बसवू नका. गावातल्या मंडळाला, वर्गणी देणाऱ्यांना, सरपंचांना हे आधीच सांगावे लागेल: या वर्षी आम्ही कदाचित पहिल्या फेरीत हरू, पण सातही पोरे आपली असतील. हे बोलायला अवघड आहे. वही हातात असेल, त्यात नावे असतील, तर बोलता येते. जिल्हा निवड चाचणीची तारीख जाहीर होण्याआधी ही बैठक घ्या. आणि आपल्या वहीचे पहिले पान, खेळाडूंची नावे वगळून, आम्हाला पाठवा. रिकाम्या कोपऱ्यांसकट. पुढच्या अंकात पकडीच्या सरावाचे सदर सुरू होत आहे आणि त्यात काय घ्यायचे ते आम्ही त्या पानांवरूनच ठरवणार आहोत.