रस्त्यावर न दिसणारी भाषा

प्रवासवर्णन हा मराठीत चांगला रुजलेला वाङ्मयप्रकार. परंतु त्यातला प्रवासी पुष्कळदा परदेशी गेल्यावरच डोळे उघडतो. मित्रांसमवेत मोटारीने वेल्सची खेडी हिंडून आलेली मंडळी हिरव्या टेकड्या आणि मेंढरे यांच्याइतक्याच कौतुकाने तेथील दुभाषी पाट्यांविषयी सांगतात. वाहने हळू हाकण्याची सूचनाही तेथे डांबरावर वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत रंगवलेली असते.

या पाट्या सहजासहजी लागलेल्या नाहीत. १९६०नंतरच्या दशकांत तरुणांनी केवळ इंग्रजीत असलेल्या पाट्यांना रंग फासला, त्या उखडल्या; काहींनी तुरुंगवासही पत्करला. १९७२ साली बोवेन समितीने दुभाषी पाट्यांची शिफारस केली. २०२१च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलू शकणाऱ्यांची संख्या साडेपाच लाखांहूनही कमी आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जळगाव ते धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. प्राध्यापक मित्रांच्या संगतीने या वाटेने जाताना कान उघडे ठेवले, तर जळगाव परिसरातली लेवा बोली मागे पडते आणि एरंडोल-पारोळ्याकडे अहिराणीचा हेल ऐकू येऊ लागतो. टपरीवर चहा घेताना 'कथा जाई राहिना भाऊ?' अशी आपुलकीची विचारणा होते. डोळ्यांना मात्र यातले काहीच दिसत नाही. गिरणा ओलांडली, बोरी ओलांडली, पांझरेकाठी पोचलो, तरी एका भाषेचा प्रदेश आपण पार केला याची खूण एकाही पाटीवर नाही. २०११च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली मोजलेले भाषक अठरा लाखांवर आहेत, आणि त्यांत बहुसंख्य अहिराणी बोलणारे आहेत.

अहिराणी ही मराठीचीच बोली, तिला वेगळी पाटी कशाला, असा आक्षेप येईल. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांच्या खंडात केला. पुढच्या अभ्यासकांत याबाबत मतभेद आहेत. परंतु वर्गीकरणाचा निकाल लागेपर्यंत बोलणाऱ्याने संकोचातच राहावे काय? वर्गात उत्तर देताना आमचा विद्यार्थी प्रमाण मराठीसाठी अडखळतो आणि तासानंतर व्हरांड्यात ओघवते बोलतो. आपली भाषा घरात आणि शेतात चालते, सार्वजनिक जागी नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तिच्या सर्वत्र असलेल्या अनुपस्थितीतून ते तो शिकतो.

मराठीला बाजूला सारून काही करावे, असे येथे सुचवायचे नाही. गावाच्या वेशीवर मराठीबरोबर स्वागताची एक ओळ अहिराणीत असावी, एवढेच. ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तर खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे. भाषा पाट्यांनी जगत नाही, हे खरेच. पण शाळेच्या वाटेवर आपल्या आजीचे शब्द रंगवलेले पाहणारे मूल ते उच्चारताना सहसा लाजणार नाही.