नवी सायकल, सैल हँडल

साठी उलटलेल्या अनेक रुग्णांना मी सायकल चालवण्याचा सल्ला देत असतो. गुडघ्यांवर शरीराचा सगळा भार न येता मांड्यांचे स्नायू बळकट होतात आणि साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य होते. हा सल्ला आजही कायम आहे. परंतु त्याला एक पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. सायकल एखाद्या भव्य दालनातून घेतलेली असो वा खोक्यात बंद होऊन घरी आलेली असो, जाणत्या मिस्त्रीचा हात तिच्यावरून फिरल्याखेरीज ज्येष्ठांनी तिच्यावर बसू नये.

कारखान्यातून खोक्यात येणारी सायकल पूर्ण जोडलेली नसते. हँडल, पुढचे चाक, पायडल आणि सीट बसवण्याचे काम विक्रेत्यावर किंवा ग्राहकावर सोपवलेले असते. पूर्वी पेठेतल्या दुकानात मिस्त्री आपल्यादेखत सायकल जोडीत असे, चाकांची आऊट काढीत असे, आपल्या उंचीप्रमाणे सीट लावून देत असे. आणि काही बिघडलेच तर दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी सापडत असे. मोठ्या दालनात मात्र सायकल कोणी जोडली हे ग्राहकाला कळतच नाही. सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या रचणाऱ्या मुलाच्याच हाती दुपारी पाना दिला जात असेल, तर दोष त्या मुलाचा म्हणता येणार नाही. हे गाऱ्हाणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत २०२२ साली सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनीच मोठ्या दालनांतील स्वस्त, निकृष्ट सायकलींविरुद्ध जाहीर मागणी केली होती. यांतल्या कित्येक सायकली दुरुस्त करण्याच्याही योग्यतेच्या नसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांची सायकल जेमतेम आठवड्याची होती. वळण घेताना त्यांनी हँडल डावीकडे वळवले. हँडल वळले, चाक मात्र सरळच गेले. हँडलचा मधला बोल्ट पुरेसा आवळलेलाच नव्हता. पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो आणि सारा भार मनगटावर येतो. ठिसूळ झालेले हाड तेथेच मोडते. सरांचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. कुशीवर पडले असते तर खुब्याचे हाड मोडले असते, आणि या वयात त्याचा अर्थ बहुधा शस्त्रक्रिया व कित्येक महिन्यांचे परावलंबन असा होतो.

हँडलची परीक्षा घरातील तरुण माणसाला सहज करता येते. सायकलसमोर उभे राहून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरावे आणि हँडल दोन्ही बाजूंना पिळून पाहावे. चाक न हलता हँडल फिरले, तर सायकल तशीच दुकानात न्यावी. हँडलच्या व सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसत असेल तर दांडी आत पुरेशी गेलेली नाही आणि ती निसटू अथवा मोडू शकते.

चिमटा उलटा बसवलेल्या नव्या सायकलीही पाहायला मिळतात. चिमट्याची खालची टोके बहुधा पुढे झुकलेली असतात. ती मागे वळलेली दिसली, पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागे गेला असेल किंवा पायाचा चवडा चाकाला घासत असेल, तर चिमटा उलटा आहे असे समजावे. अशी सायकल सरळ धरणे तरुणांनाही जड जाते.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जोडणाऱ्याने पायडलांची अदलाबदल करून ती जोराने बसवली, तर आटे खराब होतात. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पुढे एखाद्या चढावर जोर लावताच पायडल निखळून हाती येते. ब्रेकचे रबर चाकाच्या कडीवर टेकले पाहिजे, टायरवर नव्हे, आणि ब्रेक दाबल्यावर त्याची दांडी मुठीला चिकटता कामा नये. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा आहे, हेही आधी पाहून ठेवावे. एकदम पुढचाच ब्रेक करकचून दाबला गेला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

काही वेळा पडझड होत नाही, पण दुखणे मागे लागते. सीट फार खाली असेल तर गुडघा प्रमाणाबाहेर वाकतो आणि त्याची वाटी दुखू लागते. मग दोष संधिवाताच्या माथी बसतो. पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीटचे टोक वर उचललेले असेल तर जांघेत बधिरता येते. उंच दांडीवरून पाय टाकताना तोल जाणाऱ्यांनी संकोच न बाळगता बिनदांडीची, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो, तीच घ्यावी.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून संपूर्ण फिटिंग करून घेण्याचा खर्च सायकलीच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असतो. महिन्याभराने पुन्हा एकदा न्यावी. नव्या ब्रेकच्या तारा वापराने सैलावतात, चाकांच्या ताराही जागा घेतात. नातवंडांना भेट दिलेल्या सायकलीलाही हेच लागू.

एक सूचना घरातील सर्वांसाठी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी ज्येष्ठ व्यक्ती सायकलवरून पडली आणि डोक्याला मार लागला, तर टेंगूळ लहान आहे म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. तेथे काही आढळले नाही, तरी मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. वाढती डोकेदुखी, उलटी, वेळी-अवेळी झोप, बोलण्यात असंबद्धता, चालताना एका बाजूला झोक जाणे, यांतले काहीही दिसल्यास पुन्हा तात्काळ रुग्णालय गाठावे आणि महिन्यापूर्वीचे पडणेसुद्धा डॉक्टरांना आवर्जून सांगावे.