वरातीतले फटाके अन् दारातली गंजी

भावांनो, आज पिकाबद्दल लिहीत नाही. लग्नसराई सुरू आहे, दर दोन दिवसाआड गावात वरात निघते, अन् डीजेच्या मागं फटाक्यांचं पोतं असतेच.

"दिवाळीत फोडतो तेव्हा काही होत नाही, मग लग्नात काय होते?" परवा एका जाणत्या माणसानं मला विचारलं. अहो, दिवाळीत रात्री दव पडते, धुऱ्यावरचं गवत ओलं असते, वावरात कपाशी हिरवी उभी असते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४४-४५ ला जातो. अन् तेव्हा आपल्या घराजवळ काय काय असते ते पाहा. चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग, तुराट्या, हरभऱ्याचं कुटार, कडब्याची गंजी. कोणाच्या पुढच्या खोलीत तर भाव वाढेल म्हणून कापूस अजून भरलेला. सवय दिवाळीची अन् सामान उन्हाळ्याचं, हे जमत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात हेच झालं. पोट्ट्यांनी बाटलीत रॉकेट लावलं, बाटली कलंडली, रॉकेट आडवं गेलं ते सरळ गंजीत. विहिरीत पाणी होतं, पण लाइनची पाळी नव्हती, मोटर चालणार कशी? अग्निशमनची गाडी तालुक्याहून येईस्तोवर गंजी संपली होती अन् कोठ्याचं छप्पर धरलं होतं. दावी कापली म्हणून बैलजोडी वाचली. पेरणीच्या तोंडावर जोडी गेली असती तर? फटाके आणणारे पाहुणे मात्र रात्रीच गाडीत बसून गेले. चारा विकत घेतला तो त्या शेतकऱ्यानंच.

कापसाची आग तर याहून लबाड. ठिणगी आत शिरली की वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारून माणसं झोपतात अन् पहाटे पुन्हा पेट घेते. कापसाला आग लागली तर ढीग बाहेर काढून, पसरून, आतपर्यंत भिजवा अन् रात्रभर राखण करा.

बारूद काय करते हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. मे २०१६ च्या शेवटी पुलगावच्या दारूगोळा भांडाराला मध्यरात्री आग लागली, शेजारच्या गावांतल्या लोकांना घरं सोडून पळावं लागलं. तिथलं कारण वेगळं होतं, मान्य. पण त्याच वर्षी १० एप्रिलला केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात आतषबाजीची ठिणगी साठवलेल्या फटाक्यांवर पडली अन् शंभरावर माणसं मेली. आपल्या वरातीत फोडणाऱ्याच्या बाजूलाच उघडं पोतं घेऊन पोट्टं चालत असते, तोंडात बिडी.

"कायदा शहरासाठी आहे" म्हणणाऱ्यांनी ऐका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फटाक्यांच्या लडीवर बंदी घातली, लग्नकार्यातही फक्त हरित फटाक्यांचीच मुभा दिली. रात्री १० नंतर आवाजाचे फटाके तर २००५ पासूनच बंद आहेत. आपल्या वराती सुरूच दहानंतर होतात!

माझं म्हणणं साफ आहे. उन्हाळ्यात वस्तीत फटाके नकोच. हौस भागत नसेल तर वखरलेल्या, काडी नसलेल्या वावरात जा, वारा पडला असेल तेव्हाच. पाण्याचा ड्रम भरून ठेवा, पोतं लांब ठेवा. न फुटलेल्या फटाक्यावर वाकू नका, दुरून पाणी ओता. फुलझडी लहान लेकराच्या हाती देऊन नायलॉनच्या साडीजवळ उभं करू नका, तिचं टोक हजार अंशांच्या वर तापते. भाजलंच तर टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नका. वीस मिनिटं साधं पाणी सोडा अन् दवाखाना गाठा.

"लग्न एकदाच होते" म्हणता ना? मग त्या पैशात वऱ्हाडाला आमरस दोनदा वाढा. पुढच्या आठवड्यात आमच्या पुतण्याचं लग्न आहे. फटाके आणू नका, असं व्याह्यांना फोन करून सांगितलं. त्यांना थोडा राग आलेला आहे.